आपल्या गल्लीत कोण येणार

मुंडगोड,
१२ सप्टेंबर १९९९

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. बँकेत सध्या पीककर्जाची झुंबड आहे. बदलीचं विचारलं होतंस. यंदाही जमलं नाही. आणखी एक वर्ष इथंच. आईला तू तुझ्या पद्धतीनं सांग, माझ्या पत्रातून वाचून दाखवू नकोस.

आज एका कामासाठी लिहितोय. आपल्या गल्लीच्या पुढं तालमीचं मैदान आहे, तिथं दर हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात. त्यांतली ल्हामो तुला आठवत असेल. पन्नाशीची बाई, पुढचा एक दात सोन्याचा. गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की नुसती हसते. ती इथली. मुंडगोडजवळ त्यांची वसाहत आहे. तिबेटातून पळून आलेल्यांना सरकारनं तीसेक वर्षांपूर्वी इथलं जंगल तोडून जमीन दिली. ल्हामो तिथं मका पिकवते आणि पाऊस संपला की घरच्यांना घेऊन कोल्हापूरला निघते. मक्यावर अर्धं वर्ष निघतं, उरलेलं अर्धं कोल्हापूरच्या थंडीवर.

यंदा तालमीच्या बाळासोंचा निरोप आलाय, मैदान मिळणार नाही. कारण सांगितलेलं नाही. दुसऱ्या गावांतल्या जागा दुसऱ्या कुटुंबांच्या, त्यांच्यात ती घुसणार नाही. म्हणजे कोल्हापूर गेलं तर तिचं वर्ष गेलं.

बाळासोंची दोन्ही मुलं तुझ्या हाताखाली शिकली. एकदा बोलून बघशील का?

तुझा,
प्रसेनजीत

*

कोल्हापूर,
२६ सप्टेंबर १९९९

चि. प्रसेन,
जयभीम.

बोलले. तालमीबाहेरच्या बाकावर बसून बोलले. आत मारुती आहे, बायकांनी जायचं नसतं. आपल्या बाबांनीही कधी जायचं नव्हतं, पण त्याचं कारण वेगळं होतं.

बाळासो उठून उभे राहिले, बाई बाई केलं. मग म्हणाले, "तुमचा शबूद मोडायचा म्हंजे जिवावर येतंय बघा. पण ह्यो देशाचा प्रश्न हाय."

"स्वेटरचा?"

"आवो, कारगिल झालं न्हवं का? पोरं पेटल्यात. म्हणत्यात, परक्या माणसाला मैदान द्यायचं न्हाय."

"कारगिलात पाकिस्तानी होते. ही माणसं तिबेटची."

"त्येच की! चिनीच ती. नाकं बघा त्यांची."

"चिन्यांनीच त्यांना हाकललंय हो."

बाळासोंनी जरा विचार केला. "हाकललंय म्हंजे कायतरी केलंच असंल की," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा मागवला.

माणूस वाईट नाही. चहा संपेपर्यंत माझ्या गुडघेदुखीवर औषध सांगत होते. पण मैदान नाही म्हणाले ते नाहीच.

आणि खरं सांगू? परत येताना मला राग त्यांचा नाही, तुझा आला. तुझ्या पत्रात त्या लोकांबद्दल केवढा कळवळा असतो! त्यांचा देश सुटला, घर सुटलं. सुटला, मान्य. पण सुटायला आधी असावा लागतो. आपल्या आजोबांनी गाव कधी सोडलं नाही आणि गावानं त्यांना कधी आत घेतलं नाही. त्यांना कुणी निर्वासित म्हटलं नाही, म्हणून सरकारनं जंगल तोडून जमीनही दिली नाही. हे मी ल्हामोवरचा राग म्हणून लिहीत नाही. फक्त तू विसरू नयेस म्हणून.

आईला बदलीचं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "बँकेला त्योच एक गावला व्हय?"

तुझी,
ताई

*

मुंडगोड,
८ ऑक्टोबर १९९९

ती. ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं. विसरलेलो नाही. ल्हामोलाही एकदा हे सांगायचा प्रयत्न केला होता. तिनं विचारलं, "तुमच्या गावातून तुम्हाला कोणत्या देशानं हाकललं?" मी म्हटलं, कुणीच नाही, आम्ही तिथंच होतो. तिला ते काही केल्या समजेना. शेवटी म्हणाली, "मग तुमचं जास्त अवघड. आम्हाला निदान परत कुठं जायचं ते माहीत आहे."

तिच्याकडं सरकारचा एक कागद आहे. त्यावर ती परदेशी. मुंडगोडची हद्द ओलांडायची तर आधी विचारायचं, पोचल्यावर चौकीत कळवायचं, दर वर्षी नवा शिक्का. तिची तिन्ही मुलं इथल्या दवाखान्यात जन्मली, कन्नडमध्ये भांडतात. त्यांचेही तसलेच कागद.

बाळासोंना सांगण्यासारखी एक गोष्ट तुला सांगतो. ल्हामोचा नवरा एकाहत्तरच्या लढाईत आपल्या फौजेकडून लढलाय. गुडघ्यात अजून छर्रा आहे, लंगडतो. ते स्वतःहून कुणाला सांगत नाहीत. तू तालमीत हे सांगितलंस तर पोरांची तोंडं बंद होतील.

तेही जमत नसेल तर आपल्या विहाराचं अंगण आहे की. मोकळंच असतं. बुद्धाच्या दारात बुद्धाच्या लोकांना जागा मिळायला काय हरकत आहे?

तुझा,
प्रसेन

*

कोल्हापूर,
२० ऑक्टोबर १९९९

चि. प्रसेन,

गुडघ्याचं मी सांगितलं नाही. दोन वेळा तालमीपर्यंत गेले आणि परत आले. चार महिने स्वेटर विकायला बसायचं तर बाईनं नवऱ्याचा गुडघा उघडून दाखवायचा? आणि ज्याच्या गुडघ्यात छर्रा नाही त्यानं काय करायचं? मी शाळेत लागले तेव्हा आठवतं ना, दर महिन्याला माझाच वर्ग तपासायला यायचे. मी दर महिन्याला शंभर टक्के निकाल दाखवायची आणि घरी येऊन रडायची. असलं काही दाखवून मिळालेली जागा आपली होत नाही रे. पुढच्या वर्षी पुन्हा दाखवावं लागतं.

विहाराचं म्हणशील तर रविवारी मी विषय काढला. अण्णासो समितीचे अध्यक्ष, तू ओळखतोस, एस.टी.त ड्रायव्हर होते, अजून हॉर्न वाजवल्यासारखंच बोलतात. "विहार हाय का बाजार?" म्हणाले. "आन् त्यांचा बुद्ध येगळा, आपला येगळा. ती लामाच्या पाया पडत्यात, चाकं फिरवत्यात. बाबासाहेबांनी हेच सोडायला सांगितलं न्हवं?"

आई मागं बसली होती. म्हणाली, "अण्णासो, तुझ्या नातीचं लगीन हितंच झालं. जिलेबीच्या त्यालाचा डाग फरशीवर अजून हाय. तवा न्हवता बाजार?"

सगळे हसले. अण्णासोही हसले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "जागा दिऊ हो, पण आपल्या गल्लीत कोण येणार?"

त्यावर कुणी हसलं नाही.

तुला मुंडगोडात बसून हे सुचणार नाही. पेठेतली माणसं गल्लीच्या तोंडाशी रुद्राप्पा शेटजींच्या धान्याच्या दुकानापर्यंत येतात आणि तिथूनच मागं फिरतात. कुणी बंदी केलेली नाही, बोर्ड लावलेला नाही. फक्त येत नाहीत. इतकी वर्षं झाली, आपल्यालाही त्यात काही वाटेनासं झालंय.

तरी ठराव झाला. तिला म्हणावं, ये. पुढचं मला माहीत नाही.

ताई

*

कोल्हापूर,
१५ नोव्हेंबर १९९९

चि. प्रसेन,

ल्हामो, तिचा नवरा, मुलगी आणि सून आले. मी त्यांच्याबरोबर चौकीत गेले. हवालदारानं कागद बघितले, शिक्का मारला आणि मला विचारलं, "बाई, ही तुमची कोण?" मी म्हटलं, "पावणी." म्हणाला, "मग बसा की, च्या घेता?" म्हणजे सरकारी कामाला एक सकाळ लागली. आपल्या माणसांचं काम अजून चाललंय.

अंगणात बांबू रोवले, वर प्लास्टिकचा कागद ताणला, स्वेटर टांगले. काय रंग आहेत! विहाराची पांढरी भिंत उठून दिसायला लागली. पण दहा दिवस होत आले, गिऱ्हाईक नाही. आपल्याच गल्लीतल्या बायकांनी घेतले तेवढेच. दुकानापाशी माणसं उभी राहून मान उंच करून बघतात आणि जातात. ल्हामो सकाळी स्वेटर झटकून टांगते, संध्याकाळी घडी घालते. आता हसत नाही. पौर्णिमेपर्यंत बघून निघते म्हणाली. कुठं जाणार, विचारलं तर हात हलवला.

एक विचारायचं आहे. काल बोलता बोलता ती म्हणाली, "साब ने तो बदली मांगा ही नहीं." मी तिला म्हटलं, तुमच्या समजुतीत चूक होतेय. चूक तिची आहे का?

ताई

*

मुंडगोड,
१९ नोव्हेंबर १९९९

ती. ताई,

चूक तिची नाही. मी अर्ज केला नव्हता. गेल्या वर्षीही नाही, त्याच्या आधीही नाही.

का, ते समोर बसून सांगता आलं नसतं. इथं आलो त्या पहिल्या आठवड्यात एक म्हातारे लामा खातं उघडायला आले. माझ्या टेबलावरची पाटी त्यांनी दुसऱ्याकडून वाचून घेतली. मग उठून उभे राहिले आणि मला नमस्कार केला. मी घाबरलो. बरोबरचा मुलगा म्हणाला, "प्रसेनजीत म्हणजे बुद्धाला आसरा देणारा राजा. गुरुजी म्हणतात, त्या नावाचा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला."

ताई, कोल्हापुरात माझं नाव ऐकलं की लोक पुढचं काही विचारत नाहीत, कारण त्यांना हवं ते उत्तर नावातच मिळालेलं असतं. इथं त्याच नावाला माणसं उभी राहतात. मला त्याची सवय लागली. आईला एकटीनं सांभाळायचं तुझ्यावर टाकून मी इथं राजा होऊन बसलो.

एवढं लिहिल्यावर दुसरं काही सुचत नाही. ल्हामोला मी तिथं पाठवायला नको होतं. तुम्हा दोघींनाही तोंड दाखवायची लाज वाटते.

प्रसेन

*

कोल्हापूर,
२८ नोव्हेंबर १९९९

चि. प्रसेन,

तुझं पत्र मंगळवारी दुपारी आलं आणि मला ते शुक्रवारपर्यंत नीट वाचायलाही वेळ झाला नाही. त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी हे ऐक, आणि पाणी पीत असशील तर भांडं खाली ठेव.

मंगळवारी पौर्णिमा होती. आईनं पांढरं पातळ नेसून सकाळची वंदना केली आणि अंगणात लोखंडी खुर्चीवर उन्हाला बसली. ऊन लागलं, डोळा लागला. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर. ल्हामोचं त्या दिवशी निघायचं ठरलं होतं. त्यांच्यात थोरामोठ्यांचा निरोप घेताना गळ्यात पांढरं रेशमी वस्त्र घालतात. म्हातारीला उठवायचं कशाला म्हणून तिनं ते हळूच आईच्या गळ्यात घातलं. मग चौघं हात जोडून, माना खाली घालून समोर उभी राहिली.

त्याच वेळी रुद्राप्पा शेटजींच्या रुद्राणीकाकू दुकानातून पाखडलेला कचरा टाकायला बाहेर आल्या. त्यांनी लांबून बघितलं. आपल्याला काही वाटलं नसतं, आपल्यात माणूस गेलं की आडवं ठेवतात. पण त्यांच्या लिंगायतांत बसवतात. बसवून, सजवून, तसंच बसलेलं मातीत ठेवतात. त्यांच्या डोळ्यांना जे दिसलं त्यात शंकेला जागाच नव्हती.

"बनाबाई गेली गं, आमची बनाबाई गेली!"

सूप तिथंच टाकून काकू गल्लीत धावल्या. प्रसेन, मी शाळेतून जेवायला आले होते, दारातून बघत होते. रुद्राणीकाकू, अनवाणी, पदर सुटलेला, आपल्या गल्लीतून धावत येताहेत. सत्तावीस वर्षं त्या टोकाशी राहतात. त्यांच्यामागं शेटजी. त्यांच्यामागं पेठेतल्या बायका, तालमीतली पोरं, कुणी हार आणलेला, कुणी उदबत्ती. आईनं तीस वर्षं प्रसूतिगृहात आयाचं काम केलं, अर्धी पेठ तिच्या हातात पहिल्यांदा रडली. तिच्या मरणाला न येऊन चालणार कसं?

काकूंनी आईच्या पायांशी बसकण मारली आणि हंबरडा फोडला. आईनं डोळे उघडले. भोवती ही गर्दी.

"काय गं रुद्राणी," आई म्हणाली, "कोण मेलं?"

त्यानंतर काय झालं ते मला क्रमानं सांगता येणार नाही. एक बाई किंचाळून मागं पळाली. अण्णासो "जिवंत हाय, जिवंत हाय" असं ओरडत रहदारी आवरायला लागले. काकू आधी घाबरल्या, मग आईच्या गुडघ्यावर चापट मारून म्हणाल्या, "मेले, जीव घेतलास की माझा!" आणि आई म्हणाली, "माझा घ्यायला तूच आलतीस."

ल्हामोला वाटलं तिच्या हातून काही अपराध झाला. ती तांब्या घेऊन आली आणि काकूंना म्हणाली, "नीर कुडीरी, अक्का," पाणी प्या. काकूंचं रडं एकदम थांबलं. त्यांचं माहेर चिकोडीकडचं. हे नाक आणि हे कन्नड, त्यांना काही मेळ लागेना. "यावूर निंदू?" त्यांनी विचारलं, कुठल्या गावची तू? ल्हामो म्हणाली, मुंडगोड. काकू म्हणाल्या, म्हणजे आमच्याकडचीच! आणि प्रसेन, अर्धा तास त्या दोघी कन्नडमध्ये बोलत होत्या आणि आपण सगळे, ह्या मातीतले, तोंडाकडं बघत होतो.

बाळासो हार हातात घेऊन मागं सरकत होते. आईनं बघितलं. "बाळ्या, हिकडं ये. हार आणलायस न्हवं? मेल्यावर घालणार त्यो आत्ताच घाल. मला तरी दिसंल." त्यांनी घातला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग आई हार आणि ते रेशमी वस्त्र दोन्ही गळ्यात ठेवून खुर्चीतच सरळ बसली आणि म्हणाली, "आता आलाच हायसा समदी, तर रिकामं जाऊ नगा. थंडी काय जात बघून वाजत न्हाय."

पहिला स्वेटर रुद्राणीकाकूंनी घेतला. काकू घेताहेत म्हटल्यावर बायका पुढं झाल्या. तालमीच्या पोरांनी एकाच रंगाचे मागितले, सगळ्यांना एकसारखे. एकानं भाव पाडायला सुरुवात केली तेव्हा ल्हामोचा सोन्याचा दात दिसला. कधीपासून वाट बघत होते त्याची.

ती गेली नाही. रोज माणसं येताहेत. काल काकू आपल्या घरात येऊन चहा प्यायल्या.

हसून झालं की मात्र मनात एक गोष्ट राहते. आईच्या मरणाला यायला कुणालाच अडचण नव्हती. मग जिवंतपणी का आली नाहीत? चार दिवस हाच प्रश्न चघळत होते. आज दुसराही सुचला. आपण कधी कुणाला बोलावलं होतं? नको म्हणतील या भीतीनं मी माझ्या शाळेतल्या एकाही मैत्रिणीला आजवर घरी ये म्हटलेलं नाही. त्यांचा दोष त्यांच्याकडं. माझा दरवाजा तर माझ्याकडं होता.

आता तुझं. आईला मी पत्र वाचून दाखवलं, सगळं. तिनं लामाचा भाग पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाली, "त्या लामाला म्हणावं, नाव मी ठेवलंय." तिचा राग नाही. माझा होता, आता तोही फारसा नाही. तुला जिथं उभं राहून नमस्कार करतात तिथं तुला राहावंसं वाटलं, यात माझं मन दुखण्यासारखं काय आहे? फक्त पुन्हा बँकेचं निमित्त सांगू नकोस.

ताई

*

मुंडगोड,
९ डिसेंबर १९९९

ती. ताई,

तुझं पत्र मी काउंटरवर वाचलं आणि एवढा हसलो की मॅनेजर उठून आले. त्यांना कन्नडमध्ये सांगितलं. ते लिंगायत आहेत, पोट धरून खाली बसले. म्हणाले, "त्या बाईंचं काहीच चुकलं नाही, मीही तेच म्हटलं असतं."

संध्याकाळी वसाहतीत जाऊन ल्हामोच्या म्हाताऱ्या सासूला सांगितलं. ती हसली नाही. विचारलं, "सगळे रडले?" मी म्हटलं, हो. म्हणाली, "मग चांगलं गाव आहे."

तुझ्या पत्राची शेवटची ओळ कापून, पाकिटात घालून खिशात ठेवली आहे. बाकी काय करायचं ते अजून ठरत नाही. ठरेल.

प्रसेन

*

कोल्हापूर,
६ फेब्रुवारी २०००

चि. प्रसेन,

आज सकाळी ल्हामोची माणसं निघाली. उद्या तुझ्या बँकेत येईल, तोंडावरूनच तुला हंगामाचं कळेल.

गेल्या रविवारी बाळासो आले होते. आत येऊन बसले. म्हणाले, "बाई, फुडच्या साली मैदान घ्या म्हणावं त्यास्नी. पोरांचं मी बघतो."

मी विचारलं, "आणि देशाचा प्रश्न?"

"त्यो हाय की. पर पोरांनी त्यांचंच स्वेटर घालून सव्वीस जानेवारीची फेरी काढली. आता कुठल्या तोंडानं बोलत्यात?"

ते गेल्यावर ल्हामोनं मला विचारलं, कुठली जागा चांगली, मैदान की अंगण? मला हे अंगण हवं होतं रे. हा हिवाळा सरला की पेठेतली माणसं पुन्हा दुकानापाशीच थांबतील, ही धास्ती मनात होती. तोंडावर आलं होतं, इथंच राहा. पण तिनं धंद्याचं विचारलं होतं, माझ्या मनाचं नव्हे. म्हटलं, मैदान मोठं आहे, रस्त्यावर आहे, मैदानच घे.

ती म्हणाली, ते पुढच्या वर्षी बघू. आमचं सगळं एकेका वर्षाचं असतं, शिक्का पण, जागा पण. पुढच्या वर्षाचं आम्ही बोलत नाही.

मला वाईट वाटलं. म्हटलं, एवढं होऊनही हिला आपला भरवसा नाही.

आज टेम्पो आला. दर वर्षी ती बांबू, दोऱ्या, कागद, टेबलाच्या फळ्या, सगळं मोजून परत नेते. एक दोरीही मागं ठेवत नाही, हे मला तिच्या सुनेनं सांगितलं. सामान भरून झालं आणि बघते तो बांबू, फळ्या, दोऱ्या अजून भिंतीशीच. मी हाक मारली, "ल्हामो, हे राहिलं!" ती टेम्पोतून वळून म्हणाली, "राहू दे." सून तिच्याकडं बघतच राहिली.

अण्णासोंनी ते स्वतः उचलून विहाराच्या मागच्या खोलीत नीट रचले. फळ्या वर, दोऱ्या खुंटीला. आई लक्ष ठेवायला उभी होती. तिचं म्हणणं, मे महिन्यात सगळं एकदा बाहेर काढून कडक उन्हात घालायला पाहिजे, नाहीतर वाळवी लागेल. अण्णासोंना एकट्याला ते झेपणार नाही, बाळासो आणि शेटजी येतो म्हणालेत. आणखी एक माणूस लागेल. तुझी रजा शिल्लक आहे ना, असं आई विचारतेय.

तुझी,
ताई